नामंजूर प्रश्न

"प्रश्न नामंजूर," न्यायाधीश म्हणाले, आणि आमचे वकील इंद्रकुमार खाली बसायला लागले. मी मागून त्यांचा कोट ओढला.

"बसता काऊन? नाई म्हटलं तेबी लिवून घ्या ना."

वकील वैतागले. साहेबांशी वाकड्यात कशाला शिरायचं, असा त्यांचा स्वभाव. पण कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसून बसून मला एवढं कळलं होतं की नागपूरला हायकोर्टात फक्त कागद जातो, माणसं जात नाहीत. मी कोट सोडलाच नाही. शेवटी त्यांनी विनंती केली आणि तो प्रश्न, नाकारल्याच्या शेऱ्यासकट, कागदावर उतरला.

प्रश्न साधा होता. रानडुकरांसाठी कुणीतरी सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून दुलीचंद आमच्या बांधावर मेला. तार माझ्या नवऱ्याची, चैतरामची नव्हती. पण आमच्या गावची रीत आहे. ज्याच्या जमिनीवर मरण घडतं त्यानं, दोष असो नसो, मेलेल्याच्या दारात हात जोडून 'माहं चुकलं' म्हणायचं आणि त्या घरानं त्याला पाणी द्यायचं. चैतराम त्यांच्या दारात गेला, तसं म्हणाला. दुलीचंदच्या बायकोनं, नंदाबाईनं, पाणीही दिलं. पोलिसांनी त्यालाच कबुली ठरवलं. नंदाबाई साक्षीला आली तेव्हा वकिलांनी एवढंच विचारलं होतं की, गावात सगळेच असं म्हणतात का?

शिक्षा झाली. दोन दिवस रडले, मग नागपूर गाठलं. तिथल्या वकीलबाई कागद चाळता चाळता त्या शेऱ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, अपील उभं राहील ते यावरच; फक्त गावात आता ते 'माहं चुकलं' कुणी तोंडातून काढू नका. मला रागच आला. मग गावात राहायचं तरी कसं?

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझी सासू घरी येताना नंदाबाईच्या बांधावर कोसळली. उठलीच नाही.

तिरडी बांधून व्हायच्या आत नंदाबाई आली. कोर्टानंतर तिनं आमच्या दाराकडे कधी बघितलंही नव्हतं. तिनं हात जोडले.

"माहं चुकलं, सुलोचना."

सासू समोर निजलेली आणि मी मेली त्या प्रश्नाचं हे उत्तर लिहून घेणारं अंगणात कुणी आहे का, ते शोधत होते. माझी मलाच लाज वाटली. नागपूर काही पळून जात नाही. तेरवी झाली की जाणारच आहे मी.

मी आत गेले, तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला.