भर दुपारचे तारे

नवनाथ दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. २००४च्या विज्ञान दिनाला पोरांना कॉम्प्युटरवर आकाश दाखवायचं त्यानं कबूल केलं होतं. प्रोग्राम लिहिला होता त्याच्या धाकट्या बहिणीनं, गौतमीनं. ती शिरूरला कॉम्प्युटर क्लास घ्यायची; त्या दिवशी प्रोग्राम चालवून द्यायला शाळेत आली होती. तारे पंचवीस लाख, आणि शाळेचं मशीन जुनं. त्याच्या मेमरीत एवढी फाइल मावेना.

सकाळपासून आकाश जरा फिरवलं की पडदा गोठत होता. डिस्क नुसती खरखरत राहायची.

"तारे कमी कर, गौते," नवनाथ कंटाळून म्हणाला.

"न्हाई दादा. या मशीनला वाटतंय, आपण फाइल ओळीनं वाचतोय. एक तारा मागितला की हा पुढचा ढीगभर आधीच आणून ठेवतो. आन् जागा करायला आपल्याला लागणारंच बाहेर टाकतो."

"मग सांग की त्याला!"

"सांगते. पण तो हुकूम नसतो, सल्ला असतो. ऐकेल न्हाईतर न्हाई."

तिनं एक ओळ वाढवली: या फाइलमधलं कुठलंही, कधीही लागेल, पुढचं आधीच आणू नको. प्रोग्राम पुन्हा चालवला, आकाश फिरवलं.

डिस्क जराशी कुरकुरली आणि सगळं आकाश सरसर सरकलं. गौतमीचा हात माउसवरून आपोआप उचलला गेला. ऐकलं यानं! मशीनच्या आत, मेमरीत कुठं काय ठेवायचं ते ठरवणाऱ्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हती. तिच्या एका ओळीवर त्यानं आपली रीत बदलली होती.

जेवणाचा डबा घेऊन त्यांची आई सोजरबाई शिरूरहून आली होती. ती पडद्याकडं बघत म्हणाली, "हे रातचं झालं. आत्ता काय हाय वर?"

गौतमीनं आजची तारीख घातली, पाऊण वाजल्याची वेळ घातली, पडद्यावरचा दिवसाचा उजेड काढून टाकला. सूर्याचा पिवळा ठिपका उरला. माथ्याजवळ, जरा पूर्वेला, भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा चौकोन. ती त्या चौकोनात शिरली. तारे. आणखी आत. आणखी तारे, न थांबता.

जमलेली पोरं पडद्यापाशी सरकली.

"म्हंजी मी उन्हात खुरपत व्हते, तवाबी हे डोक्यावर व्हते?"

"तवाबी, आई."

सोजरबाई उठून मैदानात गेली. मागोमाग सगळी पोरं. "सूर्याकडं बघू नका रे!" नवनाथ ओरडत होता, आणि स्वतःच डोळ्यांवर हात धरून पांढऱ्या आभाळात चौकोन शोधत होता.