सहाची पंगत, आठची पंगत

क्रूझच्या फॉर्मवर एकच प्रश्न अवघड होता, आणि बस डेपोतून निवृत्त झालेल्या कंट्रोलरने नेमका तोच सगळ्यात झटपट उरकला.

नावं, वयं, औषधं, कोणाला पोहता येतं, कोणाला येत नाही, हे सगळं त्याने चष्मा पुसून पुसून भरलं. मग शेवटचा रकाना आला. संध्याकाळचं जेवण ठरलेल्या वेळी की सोयीच्या वेळी? काउंटरवरच्या मुलीने समजावून सांगितलं. ठरलेली वेळ म्हणजे रोज सहाची किंवा आठची पंगत, तेच टेबल, तोच वेटर, आपलीच माणसं. सोयीची म्हणजे सहापासून साडेनऊपर्यंत केव्हाही या, रिकाम्या टेबलावर बसा. बायकोने घरून निघताना दोनदा बजावलं होतं, "ठरलेली वेळ घ्या हं. सहा जणांचं एक टेबल." कंट्रोलरने पेन उचललं आणि 'सोयीची' पुढे खूण केली.

घरी येऊन सांगितलं, "ठरलेल्या वेळेची टेबलं भरलीत म्हणे."

"दोन्ही पंगतींची?"

"दोन्ही."

ती "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली.

आता हा माणूस खोटारडा होता का? मुळीच नाही. पण त्याला एक खोड होती, आणि त्या खोडीला तो हुशारी समजत असे. बसच्या डेपोत छत्तीस वर्षं त्याने ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावल्या. दोघांचं बिनसलं की तो कोणाला समोर बोलवायचा नाही, कोणाचं म्हणणं ऐकायचा नाही. एकाला सकाळची पाळी द्यायचा, दुसऱ्याला दुपारची. महिनाभर तोंड दिसलं नाही की माणसं आपोआप निवतात, असं त्याचं शास्त्र होतं. माणसं निवत नसत, फक्त एकमेकांना दिसत नसत. पण डेपोत कधी हाणामारी झाली नाही, हे निरोपसमारंभात मोठ्या साहेबांनी माइकवरून सांगितलं, आणि तेव्हापासून तर स्वारीला आपल्या मुत्सद्देगिरीबद्दल शंकाच उरली नाही.

हेच शास्त्र त्याने घरात लावलं होतं. दोन्ही मुलांतून चार वर्षं विस्तव जात नव्हता. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, आणि थोरल्याने मुलीच्या वडिलांना जाऊन सांगितलं, की हा दारूपायी तीन महिने हॉस्पिटलात होता, तुम्हाला माहीत असावं. त्याच्या मते ते सांगणं त्याचं कर्तव्य होतं. लग्न मोडलं. धाकटा तेव्हा दीड वर्ष थेंबालाही शिवला नव्हता. त्यानंतरही शिवला नाही, पण भावाशी एक शब्द बोलला नाही. कंट्रोलरने काय केलं? थोरल्याला शनिवार दिला, धाकट्याला रविवार. आई दोन्ही दिवस स्वयंपाक करायची, दोन्ही दिवस एक खुर्ची रिकामी असायची.

आणि आता ती आजारी होती. मुलांना एवढंच माहीत होतं, की पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि काही न करता तसंच शिवलं, हे फक्त नवराबायकोला ठाऊक होतं. फार तर तीन महिने, असं डॉक्टर म्हणाले होते. ती म्हणाली, "मुलांना मी सांगणार. दोघांना एकदम. एकाला आधी कळलं नि दुसऱ्याला नंतर, तर तेही त्यांच्या भांडणात जमा होईल."

"मग घरी बोलावू की. बोट कशाला?"

"घरी एक आला की दुसरा उठून जातो. समुद्रात कुठे जाईल उठून?" असं म्हणून ती किती दिवसांनी खळखळून हसली होती.

तेच हसणं डोळ्यांपुढे ठेवून तो फॉर्म भरायला गेला होता. पण पेन हातात घेतल्यावर त्याला दिसलं ते टेबल, समोरासमोर दोघं, आवाज चढलेले, आणि मधे ती. तिचे उरलेले दिवस तरी शांततेत जाऊ देत, असं त्याने स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर तो घाबरला होता.

बोटीवर त्याने पहिल्याच दुपारी चार्ट तयार केला. सहाला तो, ती, थोरला, सूनबाई आणि सहा वर्षांची नात. आठला ती आणि धाकटा. आठला थोरल्याला आणि सूनबाईंना नाटक-गाण्याच्या कार्यक्रमाला पाठवायचं आणि आपण केबिनमध्ये नातीला सांभाळायचं, म्हणजे कोणी चुकून डायनिंग हॉलकडे फिरकणार नाही. चार्ट बिनचूक होता. पाच दिवस दोन्ही भावांची गाठ पडली नाही. एकदा लिफ्टपाशी पडता पडता राहिली, तर याने थोरल्याला "ते बघ, डॉल्फिन!" म्हणून कठड्याकडे ओढत नेलं. डॉल्फिन कुठला असायला?

ती रोज साडेपाचला तयार व्हायची, लांबलचक गालिच्याच्या बोळातून भिंतीचा दांडा धरत हॉलपर्यंत जायची, परत यायची, तासभर पडायची आणि पुन्हा उठून निघायची. सहाच्या टेबलावर तिच्यापुढचं ताट तसंच असायचं. "धाकट्यासाठी पोटात जागा ठेवतेय," ती म्हणायची. नऊला धाकटा तिला दारापर्यंत सोडून जायचा, तेव्हा कंट्रोलर विचारायचा, "जेवलीस?"

"हो. भरपूर."

"बघ, म्हटलं नव्हतं? दोन्ही मुलं मिळाली ना तुला?"

ती चप्पल काढायची.

पाचव्या दिवशी सहाला ते हॉलच्या दारात पोचले, तेव्हा तिथला मॅनेजर अदबीने पुढे आला. सभ्य, पिकल्या केसांचा माणूस. त्याचा हेतू चांगलाच होता.

"बाईंना रोज दोनदा यावं लागतं, मी बघतो," तो म्हणाला. "फार त्रास होतो त्यांना. तुम्ही ठरलेल्या वेळेचं टेबल का घेत नाही? या पंगतीत सहा जणांचं टेबल पहिल्या दिवसापासून रिकामं आहे. तिकडे, खिडकीपाशी."

तिने खिडकीकडे पाहिलं. पांढरा टेबलक्लॉथ, सहा खुर्च्या, सहा घड्या केलेले रुमाल. मग ती हळूच आपल्या जागेवर जाऊन बसली, नातीच्या गळ्याला रुमाल बांधला आणि सूप गार होईपर्यंत त्यात चमचा फिरवत राहिली.

केबिनमध्ये आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही मला फसवलंत हो."

"अगं, मला वाटलं, भांडणं नकोत. तुला त्रास..."

"भांडले असते. पहिल्या दिवशी भांडले असते, दुसऱ्या दिवशी घुम्यासारखे बसले असते, तिसऱ्या दिवशी मीठ मागितलं असतं एकमेकांकडे. माझी पोरं आहेत ती. मला माहीत आहेत." तिला धाप लागली. "पाच दिवस गेले माझे. माझ्याकडे आहेतच किती?"

तो पलंगाच्या कडेला बसला. थोड्या वेळाने तो उठला, मॅनेजरला गाठलं आणि दुसऱ्या दिवसासाठी खिडकीपाशचं टेबल मागून घेतलं. मग आधी थोरल्याकडे गेला, नंतर धाकट्याकडे. दोघांनाही तेच सांगितलं, "उद्या सहाला आईने सगळ्यांना बोलावलंय. एका टेबलावर. तोही असेल."

थोरला म्हणाला, "ठीक आहे." धाकटा म्हणाला, "आई म्हणते तर येतो. तुम्ही हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

चार वर्षांत त्याने दोघांना कधी विचारलंच नव्हतं. हे काम इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि सोपं निघालं याचंच त्याला आता जास्त वाईट वाटत होतं.

सहाव्या दिवशी ती साडेचारलाच तयार होऊन बसली. निळी साडी, केस नीट विंचरलेले. सहाला दहा कमी असताना ती पलंगाच्या कडेवरून उठायला गेली आणि परत बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. पाय ऐकतच नव्हते.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते मागून."

ती येणार नाही हे दोघांनाही कळलं. "मग मी सांगू त्यांना?" त्याने विचारलं.

"नाही. ते मी सांगणार. तुम्ही फक्त बसवा दोघांना. जेवू दे."

सूनबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, पण सासूबाईंचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "बाबा, मी थांबते आईंजवळ." तेव्हा टेबलावर चौघंच आली. कंट्रोलर, थोरला, नात आणि धाकटा. दोन खुर्च्या रिकाम्या. वेटरने सूप वाढलं, पाव ठेवला. थोरला समुद्राकडे बघत होता, धाकटा काट्याकडे.

नातीनेच सुरुवात केली. "आजी आठला येणार का?"

"का गं?" धाकटा म्हणाला.

"ती सहाला जेवतच नाही. ती तुझ्याबरोबर जेवते. तिनेच सांगितलंय."

"माझ्याबरोबर?" धाकटा हसला. "नाही गं राणी. ती तर तुमच्याबरोबर जेवून येते. पोट भरलंय म्हणते."

थोरल्याने चमचा खाली ठेवला. समुद्रावरची नजर काढून त्याने भावाकडे पाहिलं, चार वर्षांत पहिल्यांदा.

"तुझ्यासमोर काय खाते ती?"

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "पाणी पिते," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी दोन चमचे सूप घेतलं. नंतर तेही नाही. आणि तुमच्याकडे?"

"पाव कुस्करते. म्हणते, तुझ्यासाठी जागा ठेवलीय."

"म्हणजे पाच दिवस... दादा, म्हणजे ती काहीच..."

'दादा' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. कंट्रोलरच्या मात्र आलं. या एका शब्दासाठी त्याच्या बायकोने ही सगळी बोट गाठली होती, आणि तो ऐकायला ती इथे नव्हती.

दोघंही आता बापाकडे बघत होते.

"बाबा," थोरला म्हणाला, "आईला काय झालंय?"

छत्तीस वर्षांत कंट्रोलरने दोन भांडलेल्या माणसांना कधी एकत्र समोर उभं केलं नव्हतं.

"ते तिला सांगायचंय," तो म्हणाला. "तुम्हा दोघांना. एकदम."

पुढचं त्यांनी विचारलं नाही. थोरल्याचा रंगच उडाला. धाकटा उठला, वेटरशी काहीतरी हलक्या आवाजात बोलला, आणि वेटरने दोन मोठे ट्रे आणून दिले. एक थोरल्याने उचलला, एक धाकट्याने. सहाही जणांचं जेवण घेऊन ते पुढे निघाले आणि नातीचा हात धरून कंट्रोलर मागून.

केबिन ती केवढी! एक पलंग, एक खुर्ची. थोरला पलंगाच्या पायथ्याशी टेकला, धाकटा सरळ जमिनीवर बसला, सूनबाई नातीला मांडीवर घेऊन खुर्चीत. उशीला टेकून तिने सांगितलं. चार-पाच वाक्यांतच सांगितलं, रडली नाही. बरेच दिवस मनात घोळवून ठेवलेलं असणार. धाकटा गुडघ्यात डोकं खुपसून हुंदके देऊ लागला. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला. या वेळी तो तसाच राहिला.

"बरं, आता जेवा," ती म्हणाली. "गार होतंय सगळं."

थोरल्याने सुपाचा चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने हलकेच मान वळवली.

"नको रे. आता नाही जात काही. तुम्ही जेवा. मला बघू दे."

कंट्रोलर दारातच उभा होता. आत बसायला जागा नव्हती, आणि असती तरी त्याला बसायचा धीर झाला नसता. तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"अहो," ती म्हणाली, "चार वर्षांपूर्वी यांना असंच बसवलं असतंत ना, तर मीही जेवले असते यांच्याबरोबर."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात हे त्याने कोणाला म्हटलं नव्हतं.

"हो, चुकलंच," ती म्हणाली. "या, बसा तुम्हीपण."

धाकटा थोडा सरकला. कंट्रोलर गुडघे धरत खाली बसला. थोरल्याने त्याच्या हातात एक ताट दिलं, मासळीचा तुकडा, दोन उकडलेले बटाटे. कोणालाच भूक नव्हती. बाप आणि दोन मुलं खाली माना घालून एक एक घास गिळत राहिली, कारण ती बघत होती.