मायाने सुचवलेलं पुस्तक

सोमवारी संध्याकाळी माया ड्युटीवरून घरी आली तेव्हा सोनिका वही उघडून दारातच बसली होती. सहावीच्या वर्गाला मुग्धा मॅडमनी आठवडाभराचं काम दिलं होतं. आईला रोज विचारायचं, आज तुला काय वाटलं? तिच्या आवडीच्या गोष्टी लिहायच्या. आणि सगळ्यांनी वाचावं असं एक पुस्तक तिच्याकडून विचारून घ्यायचं. शनिवारी वर्गात वाचन, आणि ज्यांना जमेल त्या आयांनी यायचं.

"सांग, आज काय वाटलं तुले?"

"थकली मी. दुसरं काय?"

"थकणं म्हणजे वाटणं नसते, आई. राग, आनंद, भीती, असं काहीतरी पाहिजे."

मायाने पायातले जड बूट काढले. ती सात वर्षांपासून वीज कंपनीत लाइनवर होती. खांबावर चढून तुटलेल्या तारा जोडायच्या, फ्यूज बदलायचे, तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या. अकरा पुरुषांत ती एकटी बाई. त्यांच्या भागात, इंदोऱ्यापासून कोराडी रस्त्यापर्यंत, बरेच लोक तिला 'लाइनवाली बाई' म्हणूनच ओळखत.

"बरं, पुस्तक तरी सांग. भैरवीच्या आईनं तीन सांगितली. त्यांच्या घरी कपाटभर पुस्तकं आहेत." मग सोनिका सहजच बोलून गेली, "तू तं काहीच वाचत नाही."

 माया स्वयंपाकघरात गेली आणि भाकरीचं पीठ मळू लागली, पण ते वाक्य काही तिच्या मनातून जाईना.

तिचा नवरा प्रशिक गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "एखाद्या मोठ्या पुस्तकाचं नाव सांगून दे ना. कोण तपासाले बसलं?"

"मीच नाही वाचलं, ते पोरीले वाच म्हणून कसं सांगू?"

वहीतल्या मंगळवारच्या चौकटीत 'चीड' आली. मीटरच्या तक्रारीवरून माया एका घरी गेली, तर मालकाने तिच्या मागे रस्त्यावर डोकावून विचारलं होतं, "माणूस नाही आला का कोणी?" सोनिकाने हे सगळं लिहून घेतलं आणि स्वतःच्या मनानेच मालकापुढे कंसात 'आगाऊ' असा शब्द टाकला.

बुधवारी आवडीच्या गोष्टी झाल्या. सकाळच्या ड्युटीआधीचे तर्री-पोहे. प्रशिक सोलून डब्यात देतो त्या संत्र्याच्या फोडी. लाल मुठीची पक्कड, जी ती कोणाला हात लावू देत नसे. "आणि खांबावरून दिसणाऱ्या गच्च्या," माया म्हणाली. "कुठं पापड वाळून राहिले, कुठं आजोबा पेपर वाचून राहिले. सगळं दिसते." पुस्तकाची ओळ मात्र कोरीच राहिली. सोनिकाने त्यावर बोट ठेवलं तेव्हा माया म्हणाली, "उद्या सांगतो."

गुरुवारी दुपारी एका गल्लीतून फोनवर फोन यायला लागले. संक्रांत होऊन आठवडा उलटला तरी तारांवर पतंग आणि मांजा लोंबत होता. कोणीतरी अडकलेला पतंग ओढला, दोन तारा एकमेकींवर आपटल्या, आणि एक जोड जळून तार तुटली. अख्खी गल्ली बंद. माया आणि रुपरावभाऊ गाडी घेऊन पोहोचले. रुपराव खात्यातले सगळ्यांत जुने. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. मायाला खांबावर चढायला त्यांनीच शिकवलं होतं.

रुपराव कोपऱ्यावरच्या डीपीच्या पेटीतले फ्यूज काढून परत आले. "झालं. लाइन बंद. चढ तू."

मायाने गाडीतून लांब दांड्याचा टेस्टर काढला.

"आता ते काहून? मी या हातानं फ्यूज काढून आलो ना? भरोसा नाही काय माह्यावर?"

लोक जमले होते. एकाचं दळण अडलं होतं, एकाचं पाणी. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईले पाठवलं म्हणजे झालं आता काम!" दोघंतिघं हसले. रुपरावांनाही घाई झाली होती. "लोकं बोंबलून राहिले, माया. दोन मिनिटांचं काम आहे."

मायाची कानशिलं तापायला लागली. एक क्षण तिला वाटलं, जाऊ दे, चढून जावं. पण तिने हातमोजे चढवले.

"भाऊ, तुमच्यावर भरोसा आहे. तारेवर नाही."

तिने दांडा वर नेला. टेस्टर तारेला टेकला, आणि त्याचा लाल दिवा पेटला.

 रुपराव दिव्याकडे बघतच राहिले. मग ते जनरेटरच्या आवाजाकडे पळत सुटले. गल्लीच्या टोकाला एका कार्यालयात लग्न होतं. वीज गेल्यावर मंडपवाल्याने जनरेटर लावला होता, पण मेन स्विच बंद न करताच त्याची वायर सरळ बोर्डाला जोडली होती. जनरेटरची वीज उलटी तारेत आली होती. रुपरावांनी जनरेटर बंद करायला लावला. मायाने पुन्हा तपासलं. दिवा लागला नाही. तिने तारांना अर्थिंग लावून त्या जमिनीशी जोडल्या, पट्टा कमरेला आवळला आणि ती वर गेली. चाळीस मिनिटांत गल्ली चालू झाली. मघाशी हसलेल्यांपैकी एकाने तिला खुर्ची आणून दिली आणि तो बाजूला उभा राहिला.

रुपराव एका ओट्यावर बसले होते. "बत्तीस वर्षं झाली मले," ते म्हणाले. "माह्या शब्दावर तू चढली असती तं..." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "तुह्या पोरीले कोणत्या तोंडानं भेटलो असतो मी?"

"पाणी प्या भाऊ," माया म्हणाली. तिने बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्या हातात दिली.

घरी आल्यावर तिने सोनिकाला सगळं सांगितलं. "आज लिही, भीती. आणि त्याच्याखाली लिही, अभिमान. दोन्ही वाटले."

सोनिका तिला चिकटून बसली.  मग म्हणाली, "पण तुले कसं समजलं, की तरीबी तपासाव लागते?"

मायाने शर्टाच्या खिशातून निळ्या प्लॅस्टिकच्या कव्हरातली छोटी पुस्तिका काढली. नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळालेली सुरक्षेची पुस्तिका. कोपरे ग्रीसने काळे झाले होते, मधली दोन पानं चिकटपट्टीने जोडली होती.

"हे वाचतो मी. रोज सकाळी एक पान. संपलं की पुन्हा पहिल्यापासून."

"मग सोमवारी काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली. याच्यात गोष्ट नाही, कविता नाही. भैरवीच्या आईच्या पुस्तकांपुढे हे काय सांगाव?"

सोनिकाने पान उघडून मोठ्याने वाचलं, "तार बंद आहे असे समजू नका. तपासा, आणि मगच चढा." समासात पेन्सिलने एक नाव लिहिलेलं होतं. "हा उन्मेष कोण?"

"माह्याबरोबर लागला होता नोकरीले. एक दिवस त्यानं नाही तपासलं. वाचला तो, पण उजवा हात गेला. आता ऑफिसात बसते." माया थोडं थांबली. "तेव्हापासून या पानावर त्याचं नाव आहे."

शुक्रवारी सोनिकाने पुस्तिका पूर्ण वाचून काढली. जेवताना तिने प्रशिकला हातमोज्यांवर चार प्रश्न विचारले, त्यातल्या तिनांची उत्तरं त्याला आली नाहीत.

शनिवारी माया गणवेशातच शाळेत गेली. रुपरावांनी गाडी फाटकापाशी लावली आणि तेही मागोमाग येऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. सोनिकाने वाचलं. आगाऊ मालक वाचला, गच्च्या वाचल्या, लाल दिवा वाचला. मग निळी पुस्तिका वर धरून म्हणाली, "माझ्या आईने सुचवलेलं पुस्तक."

भैरवीने विचारलं, "त्यात गोष्ट आहे का?"

"नाही," सोनिका म्हणाली. "पण हे वाचलं म्हणून माझी आई आज इथं उभी आहे."

 मुग्धा मॅडमनी मायाला एक पान वाचायला बोलावलं. पहिल्या ओळीला मायाचा आवाज चिरकला, दुसरीपासून तो खणखणीत झाला. आपल्या पोरीच्या वर्गापुढे उभं राहून आपण वाचतोय, आणि पस्तीस मुलं कान देऊन ऐकताहेत, याने तिचा ऊर भरून आला होता. सोनिका फळ्याजवळ ताठ उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, वर्गाकडे बघत होती, कोणी बोलतंय का यावर लक्ष ठेवून.

पुढच्या महिन्यात साहेबांनी सहा नवे मदतनीस शिकवायला मायाकडे दिले. त्यांत दोन मुली होत्या. पहिल्या दिवशी माया काही बोलायच्या आत रुपरावच पुढे झाले.

"ऐका गा पोरांनो. ही माही शिष्य. त्या दिवशी हिनं माहं ऐकलं नाही. म्हणून मी आज तुमच्यापुढे मान वर करून उभा आहो." मग त्यांनी गल्लीतली सगळी हकीकत सांगितली, स्वतःची चूक न झाकता.

मायाने सहा जणांच्या हातात सहा नव्या निळ्या पुस्तिका दिल्या, पहिलं पान सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि मग एका मुलीच्या कमरेचा पट्टा स्वतः ओढून तपासत म्हणाली, "चल वं, आता चढू."