भिशीच्या नियमाची लॉटरी

हर्षालीच्या भिशीला सातपूरच्या श्रमिकनगरात बँकेपेक्षा जास्त मान होता, आणि धाकही. दर महिन्याला बारा बायका तिच्या ओट्यावर जमायच्या, आपापला हप्ता ठेवायच्या, मग ती स्टीलच्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल ती त्या महिन्याची सगळी भिशी उचलून घरी जायची. नियम एकच होता. भिशी उचलली म्हणून सुटका नाही, शेवटच्या बाईचा नंबर लागेपर्यंत हप्ता भरत राहायचं. छाया नावाची एक बाई पहिल्याच महिन्यात भिशी उचलून, नवऱ्याच्या नोकरीचं निमित्त काढून एकलहऱ्याला राहायला गेली, तर हर्षाली दर महिन्याला बस बदलत तिच्या दारात हजर. भांडण नाही, तंटा नाही. चहा प्यायची, मुलांची चौकशी करायची आणि हप्ता हातात पडेपर्यंत उठायची नाही. शेवटी छायाचा नवराच कंटाळून श्रमिकनगरात हप्ता आणून द्यायला लागला.

अशा बाईचा नवरा दुबईत लॉटरी खेळतो हे कळलं तेव्हा गल्लीने तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

नवरा म्हणजे सोमनाथ. मूळचा दिंडोरीकडचा, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होता, आणि लेथ मशीनवर त्याचा हात चांगला होता असं त्याचे जुने सोबती अजून सांगतात. कारखान्याला कुलूप लागलं. वर्षभर ठेकेदारांच्या मागे फिरून झालं, मग कोणाच्या तरी ओळखीने तो दुबईला गेला. तिथे काम एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवायचं. त्यांची पूजा तेव्हा दुसरीत होती, आता दहावीला बसणार होती. जाताना "दोन वर्षं फक्त" म्हणाला होता. मग घराचं कर्ज फिटू दे म्हणाला, ते फिटलं. मग थोडं भांडवल जमू दे म्हणाला. अलीकडे तो म्हणायचा, लॉटरी लागू दे, दुसऱ्या दिवशी निघतो. माणूस काहीही म्हणतो, बायकोने किती ऐकून घ्यायचं हा प्रश्न वेगळा. हर्षालीला एवढंच हवं होतं की त्याने घरी यावं. प्रत्येक फोनच्या शेवटी ती ते सांगायची, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तो "येतो ना" म्हणायचा.

दुबईत एका खोलीत ते सहा जण राहायचे, सगळे नाशिक जिल्ह्यातले. त्या देशात आपल्याला काय काय मिळणार नाही हे सहाही जणांना पाठ होतं. घर आपलं होणार नव्हतं, नागरिक होता येणार नव्हतं, काम सुटलं की मुक्काम उठणार होता. तिथे म्हातारं व्हायची तर सोयच नव्हती. लॉटरीचं तिकीट मात्र ओळखपत्र दाखवलं की परक्यालाही मिळायचं. त्या एका बाबतीत तिथला माणूस आणि बाहेरचा माणूस सारखेच, आणि म्हणूनच बहुतेक त्या खोल्याखोल्यांतून लॉटरीचं एवढं वेड होतं. तिकीट एकट्याला परवडायचं नाही. शेजारच्या खोलीतले केरळचे लोक वर्गणी काढून एक तिकीट घ्यायचे आणि बक्षीस लागलं तर सारखं वाटून घ्यायचं ठरवायचे. सरळ हिशेब.

आपल्या माणसांना सरळ हिशेब मानवत नाही. वणीचा सावळीराम, खोलीतला सगळ्यात वयस्कर, म्हणाला, "वाटून घेतलं तर कुणाचंच काय भलं व्हायचं नाय. भिशीवानी करू. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्या महिन्याचं तिकीट त्याच्या नावावर. लागली तर समदी त्याची. सहा महिन्यांत सहा जणांची पाळी."

भिशीत पैसे आपलेच असतात, म्हणून प्रत्येकाचा नंबर लागतो. लॉटरीत सहा जणांची पाळी झाली तरी सहाही जण कोरडे राहू शकतात. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण आईला, मावशीला, शेजारणीला लहानपणापासून भिशी उचलताना पाहिलेलं. चिठ्ठी म्हटली की आज नाही तर उद्या आपलं नाव निघणारच, हे हाडात मुरलेलं. चिठ्ठी काढायची कोणी यावर मात्र खोलीत एकमत होईना. मग सोमनाथने बायकोचं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. तेव्हापासून दर महिन्याला हर्षाली व्हिडिओ कॉलवर सहा जणांसमोर डबा हलवून एक चिठ्ठी काढायची. हा शुद्ध मूर्खपणा आहे असं तिचं स्पष्ट मत होतं. तरी डबा हलवताना ती मनातल्या मनात देवीचं नाव घ्यायची, कारण उद्या खरंच लागली तर नवऱ्याची सगळी निमित्तं संपणार होती.

श्रावणात दुसरी चिठ्ठी निघाली ती सोमनाथची. आणि लागली.

ती बातमीही घरात धड आली नाही. अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला, आवाज बसलेला, आणि पहिलंच वाक्य, "लॉटरी लागली!" असले फोन गल्लीत आठवड्याला एक तरी यायचे. हर्षालीने त्या माणसाची, त्याच्या आईबापांची आणि त्याला शिकवणाऱ्या मास्तरांची यथासांग विचारपूस केली आणि फोन आपटला. दुसऱ्यांदा तोच नंबर. तेव्हा पलीकडून आवाज आला, "अगं ए हर्षाली, मीच बोलतोय. माझ्या फोनची बॅटरी उतरली, सावळीरामचा घेतलाय." आणि मागे पाच जण हसत होते.

बक्षीस पहिलं नव्हतं, खालचं होतं. वर्तमानपत्रात फोटो यावा एवढं नाही, पण सातपूरच्या माणसाचं आयुष्य रांगेला लागेल एवढं होतं. सासूबाई कुसाबाई पायऱ्या चढून वणीच्या देवीला ओटी भरून आल्या. हर्षाली रडली, मग तोंड धुऊन कामाला लागली. कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला एक गाळा विकायला होता, आत एक जुनी लेथही होती. ती जाऊन बघून आली. आठवड्याने पुन्हा बघून आली, पूजाला घेऊन, आणि गाळ्याचा व्हिडिओ सोमनाथला पाठवला. गाळेवाल्याने लेथ चालू करून दाखवली तर हर्षालीला त्या आवाजाचाच एवढा आनंद झाला की घासाघीस करायची राहून गेली.

"मग कधी निघता?" तिने फोनवर विचारलं.

"अगं, पाळी पुरी नको का व्हायला?" सोमनाथ म्हणाला. "चार जणांची नावं निघायचीत अजून. मी उचलून बसलोय. आता निघालो तर लोक काय म्हणतील? तूच सांग, तुझ्या भिशीत चाललं असतं का?"

एकलहऱ्याच्या छायाला हर्षालीने जो नियम लावला होता तोच नवरा तिला ऐकवत होता, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. खरं तर तिला त्याचा थोडा अभिमानच वाटला. पैसा आला तरी माणूस बदलला नाही, असं तिने सासूला सांगितलंही. "हां, बापावर गेलाय," कुसाबाई म्हणाल्या, आणि यात कौतुक किती होतं ते त्यांनाच ठाऊक. गाळेवाल्याला हर्षालीने कळवलं की दिवाळीनंतर बघू.

चार महिने तिने चिठ्ठ्या काढल्या. कोणालाच काही लागलं नाही. दिवाळी झाली, शेवटची चिठ्ठी निघाली, सहा जणांची पाळी संपली. तिने गाद्या उन्हात घातल्या, कपाटातला एक खण रिकामा केला.

मग सोमनाथचा फोन आला. नवी पाळी सुरू झाली म्हणाला. "पोरं सोडायलाच तयार नाय. म्हणतात, तुझ्या पायगुणानं लागली, तू गेला तर आमचं नशीब जाईल. आता एवढी एक पाळी करतो."

"चिठ्ठी कधी काढायची?"

"ते आता आम्ही इकडंच काढतो. तुला कशाला दर वेळी तरास."

तिला वाईट वाटलं, पण तिने ते गिळलं. डबा हातातून गेला याचं वाईट वाटलं की कपाटाच्या खणाचं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. गाळेवाल्याचा फोन आला तेव्हा तिने तो उचलला नाही.

पंधराएक दिवसांनी, भर दुपारी सावळीराम दारात उभा राहिला. हातात पिशवी, त्यात सोमनाथने पाठवलेला खजूर, पूजाला कंपासपेटी, आईला दुखण्यावर लावायचं मलम. फोनच्या पडद्यावर सहा महिने पाहिलेला माणूस प्रत्यक्षात बराच बुटका निघाला. हर्षालीने पाणी दिलं, चहा टाकला आणि विचारलं, "किती दिवसांची सुट्टी?"

"सुट्टी नाय वहिनी. आलो कायमचा. लय झालं. आता वणीलाच द्राक्षाच्या कामावर जाईन नायतर काय."

हर्षालीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिच्यातली भिशीवाली आधी बोलली, बायको नंतर. "भाऊ, असं कसं? पाळी चालू असताना तुम्ही निघून आला? बाकीच्यांनी काय करायचं? आमचे हे तर तेवढ्यासाठी थांबलेत तिकडं."

"कंची पाळी?"

"नवीन. लॉटरीची."

सावळीरामने कप खाली ठेवला. त्याच्या लक्षात आलं की आपण नको त्या घरात नको ते बोललो, पण आता मागे घेता येईना. खोटं बोलायचा सराव त्याला नव्हता. "वहिनी, ती पाळी संपली तेव्हाच बंद केलं ते समद्यांनी," तो म्हणाला. "आम्ही तर सोमनाथला रोज म्हणायचो, तुझं काम झालं, तू जा बाबा. त्याला धरून कोण ठेवतंय?" मग वणीची बस चुकेल म्हणून तो चहा तसाच ठेवून उठला.

हर्षालीने कप विसळले. तिला राग आला होता, असा की हातातला कप फोडावासा वाटत होता. दुसरी बाई असेल का, हाही विचार आला, नाही असं नाही. पण सोमनाथ तसा नव्हता हे ती जाणून होती, आणि त्यामुळे तिचा राग आणखीच वाढला. काही कारण नसताना माणूस येत नसेल तर त्याचं काय करायचं?

रविवारी त्याचा फोन आला. ती ओट्यावर मेथी निवडत होती. पूजाचा अभ्यास झाला, आईचे गुडघे झाले, मग तो म्हणाला, "या महिन्यात पण कुणालाच नाय लागली."

"सावळीरामभाऊ येऊन गेले," हर्षाली म्हणाली.

तिने मेथीची एक काडी मोडून बाजूला टाकली.

"तुम्हाला कुणीच धरून ठेवलं नाही म्हणाले."

"हां," सोमनाथ म्हणाला. "लय दिवस झाले गं लेथला हात लावून. तिकडं आता समदं कॉम्प्युटरवर चालतं. तू त्या गाळ्याचा व्हिडिओ पाठवला ना, मी तो रोज बघतो. अन् मला भीती वाटते. लॉटरी लागली नव्हती तोवर बरं होतं. लागली की येतो, असं म्हणता येत होतं. आता पैसे घालून गाळा टाकला अन् नाय चालला, तर मी कुठल्या तोंडानं बसू तिथं? इकडं मी निदान पैसे पाठवणारा माणूस तरी हाय."

हर्षालीने मेथी बाजूला सारली.

"तू सांग," तो म्हणाला. "खरं सांग. येऊ का?"

आठ वर्षं ती "या, या" म्हणत आली होती, आणि आठ वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. उत्तर तोंडावर असायला हवं होतं. ते लगेच आलं नाही. तिला दिसलं की या घरात भाजी काय करायची, दिवा कधी मालवायचा, पूजाला कुठल्या क्लासला घालायचं, हे सगळं ती एकटी ठरवते आणि तिला त्याची सवय झाली आहे. घरात आता एक माणूस येणार, तो रोज असणार, घाबरलेला असणार, बेरोजगारही असू शकेल. तिची सगळी माया होती ती फोनवरच्या माणसावर. ती गप्प बसली ते त्याला ऐकू गेलं, आणि त्याला ऐकू गेलं हे तिलाही कळलं. आपण याची वाट बघत होतो की नुसती वाट बघायची सवय झाली होती, या विचाराने तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बरं, बघू मग," सोमनाथ हळूच म्हणाला.

"बघू नका," हर्षाली म्हणाली. "या. मला पण भीती वाटते. आपल्याला एकमेकांची सवय राहिलेली नाही, अन् ती फोनवर लागायची नाही. गाळा चालला तर चालला, नाही चालला तर मी हाय, आई हाय. पण आता तुम्ही खोटं बोलून राहायचं नाही तिकडं, अन् मी खोटं बोलून बोलवायचं नाही. या."

तो रडत होता का ते तिला कळलं नाही; तिने विचारलंही नाही. मेथीची जुडी तिने उगाचच पुन्हा सोडून बांधली.

"तिकडं थंडी कितीय सध्या?" मग त्याने विचारलं.

"कडाक्याची. सकाळी दार उघडवत नाही."

"मग स्वेटर घ्यावा लागेल मला," सोमनाथ म्हणाला. "इकडं कधी लागलाच नाय."

"घ्या," ती म्हणाली. "जाड घ्या."