अण्णांचे रविवार

योगिनीची शिट्टी वाजली तेव्हा तेजस्वीची हॉकी स्टिक खाली आलेली होती.

आवाज फारसा झालाच नाही. वाळकी काटकी पायाखाली मोडावी, तेवढाच. सानिका उजवा हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसली आणि सड्यावरच्या, कातळाच्या पठारावरच्या त्या तांबड्या मैदानात दोन्ही बाजूंच्या मुली एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. कुणी वेणी धरली, कुणी जर्सी. योगिनी मध्ये शिरली, हाताला लागतील तशा मुली बाजूला केल्या आणि खिशातलं लाल कार्ड काढून तेजस्वीपुढे धरलं.

"मॅडम, तिनं आधी..." तेजस्वीला धाप लागली होती.

"बाहेर."

तेजस्वी गेली. जाताना तिनं एकदाच मागं वळून बघितलं. सानिकाकडे नाही, योगिनीकडे.

योगिनीचे वडील, अण्णा, गेल्यानंतरचा हा पहिलाच मोसम. शाळेत गणित शिकवून उरलेला सगळा वेळ त्यांनी या मैदानावर पंच म्हणून घालवला होता. खांद्याला खांदा लागला की शिट्टी, स्टिक जरा वर गेली की शिट्टी, कुणी कुणाकडे डोळे वटारून बघितलं तरी शिट्टी. मुलं त्यांना तोंडावर मास्तर म्हणायची आणि पाठीमागे कुकर. शाळेत असताना योगिनी कुकरची पोरगी होती. पुढे ती स्वतः पंचाची परीक्षा पास झाली, तेव्हा तिनं मनाशी एकच ठरवलं होतं, की आपण खेळ उगाच तोडायचा नाही.

त्या दुपारीही तिनं तो तोडला नव्हता. स्टिक उगारली जाण्याच्या जरा आधी सानिकाचं कोपर तेजस्वीच्या बरगडीत गेलं होतं. ते चुकून गेलं नव्हतं, आणि ते योगिनीला दिसलं होतं. अण्णांची पितळी शिट्टी तेव्हा तिच्या दातांतच होती. पण चेंडू गोलच्या तोंडाशी पोचला होता, मैदानाच्या कडेच्या दगडी गडग्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली होती. तिनं श्वास आतल्या आत ठेवला.

संध्याकाळपर्यंत गावभर मोबाइलवर व्हिडिओ फिरला. तो उगारलेल्या स्टिकपासून सुरू होत होता. त्याआधीचं त्यात काही नव्हतं.

रात्री जेवणं व्हायच्या आधी देवदत्तकाकांचा फोन आला. ते स्पर्धा समितीचे अध्यक्ष, आणि अण्णांचे बालमित्र.

"दोन बोटं मोडलीत पोरीची," ते म्हणाले. "समितीत सगळ्यांचं एकमत आहे. तेजस्वीवर दोन वर्षं बंदी घालायची, जिल्ह्याच्या संघातनंही नाव काढायचं. तुझा अहवाल आला की मिटलं."

"उद्या सांगते, काका."

"सांगायचंय काय त्यात? सगळ्या जगानं बघितलंय."

"उद्या सांगते," योगिनी पुन्हा म्हणाली.

सकाळी ती चपला घालत होती तेव्हा तिची आई, मालिनीबाई, पडवीत ओले नारळ सोलून घेत होत्या. धोंडगे म्हणून नारळवाला होता, तो सोलत होता आणि त्या समोर बसून त्याला चुका दाखवत होत्या.

"कुठं चाललीस गो?"

"मिरकरवाड्यात. त्या सानिकाला बघून येते."

मालिनीबाईंनी मान वर केली. "रविवारची?"

"मग काय झालं?"

"काही नाही. ये जाऊन."

रविवारी सकाळी मिरकरवाड्यात जायचं ही अण्णांची रीत होती. बंदरावर चालून येतो, असं म्हणून निघायचे आणि उन्हं चांगली वर आल्यावर परतायचे ते मासळीचा वास घेऊन. घर शाकाहारी. त्यामुळे आई दारातच विचारायची, "आलात खाऊन?" अण्णा "छे, छे" म्हणत तोंड लपवून परसात जायचे. तिथं मोरीच्या दगडावर त्यांची आमसुलं भिजवलेली वाटी ठेवलेली असायची, कारण त्यांना पित्ताचा त्रास होता. अण्णा चोरून मासे खातात ही गोष्ट घरात सगळ्यांनी आनंदानं मान्य केली होती. तेराव्याच्या पंगतीत आतेभाऊ ओमकार हळूच म्हणाला होता, "मामाच्या पानात एक तळलेली तुकडी तरी ठेवायची होती." त्यावर पहिल्यांदा हसली ती आईच होती. त्या दिवसांत ती तेवढंच हसली.

सानिकाचं घर बंदरामागच्या बोळात होतं. बोटींवरच्या मासळीचा लिलाव आटपला होता आणि दारादारांत बायका बर्फातली कोळंबी सोलत बसल्या होत्या. सानिका उंबऱ्यावर होती, हाताला प्लास्टर, डोळे सुजलेले. तिची आई काशी अंगणात पाटावर, पुढ्यात दोन टब घेऊन. योगिनीला बघून ती उठली नाही. हातातली कोळंबी सोलून टबात टाकली आणि मग म्हणाली,

"मास्तरांची लेक ना तुम्ही, ताई? चालता तशाच. पाय आपटत."

योगिनीनं सानिकाकडे बघितलं. "हात कसा आहे हिचा?"

"हिला विचारा. रात्रभर त्या पोरीला शिव्या घातल्यान. आता दमली." काशीनं टबाकडे हनुवटी केली. "हिचे हात माझ्यापेक्षा जलद. व्यापारी दुपारला येईल, त्याला काय सांगू, हॉकीत गेले म्हणून?"

"आई, पुरे ना," सानिका म्हणाली.

योगिनीनं ओढणी कमरेला बांधली आणि दुसऱ्या टबासमोर बसली.

"ताई, हे काय?"

"दाखवा कसं सोलायचं."

काशीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग एक कोळंबी उचलली. डोकं मोडलं, कवच पायांकडून उलगडलं, पाठीवरचा काळा दोरा नखानं ओढून काढला. योगिनीनं केलं तेव्हा डोकं निघालं आणि अर्धं मांसही त्याच्याबरोबर गेलं. दुसरीचा काटा बोटात घुसला. बाजूच्या दारातली म्हातारी खो खो हसली.

"हसू नको गो," काशी तिला म्हणाली. "मास्तर पहिल्या दिवशी यापरीस वाईट व्हते."

योगिनीचे हात थांबले.

"अण्णा कोळंबी सोलायचे?"

"आता नाय तर काय करायचे?" काशीलाच नवल वाटलं. "तुम्हांला ठावं नाय? माझा भाऊ धोंडू खेळायचा ना हॉकी. तेव्हा मी ह्या सानिकाएवढी. एक दिस मैदानात मारामारी झाली आणि त्याचा हात मोडला. पंच कोण, तर मास्तर. दुसऱ्या दिवशी दारात उभे. आईला म्हणाले, मारलं त्या पोरानं, पण भांडण अर्धा तास पेटत व्हतं आणि मी बघत व्हतो. मोठी पोरं आहेत, खेळू देत म्हटलं. आता धोंडूचं काम मी करतो."

"कसलं काम?"

"बोटीवरचं! गेले पण खरंच. बंदराच्या बाहेर पडायच्या आत ओकायला लागले ते परत येईपर्यंत. बाबांनी त्यांना धरून घरी आणलं. मग आई म्हणाली, मास्तर, तुम्ही समुद्राचं नाव घेऊ नका, हितं बसा." काशी हसायला लागली. हसताना तिचे हात थांबत नव्हते. "बसले. हितंच, तुमच्या जागेवर."

"आणि धोंडूचा हात?"

"तो महिन्याभरात बरा. आता गोव्याकडं तांडेल हाय तो, स्वतःची बोट चालवतो. हाताचं एक बोट जरा वाकडं राहिलं, ते दाखवून पोरांना भिववतो." तिनं भरलेला टब पायानं सरकवला. "हात बरा झाला तरी मास्तर येत राहिले. का, ते काय आम्ही विचारलं नाय. चहा घ्यायचे, सोलायचे, गावभरच्या गोष्टी सांगायचे. हिला पाढे हितंच शिकवलेनी."

"सतराचा," सानिका उंबऱ्यावरून म्हणाली. "सतराचा येईपर्यंत उठू द्यायचे नाहीत."

योगिनीनं खाली मान घालून एक कोळंबी सोलली. ती अख्खी निघाली.

"कधी खाल्लं का त्यांनी?" तिनं विचारलं.

"छे, छे," काशी म्हणाली, अगदी अण्णांसारखी. "एकदा आईनं कालवण केलेलं. टोपावर वाकून वास घेतलानी आणि म्हणाले, काशी, पुढच्या जन्मी."

योगिनी हसली. हसता हसता तिला डोळे पुसावेसे वाटले, पण दोन्ही हात भरलेले होते. तिनं खांद्याला डोळे टेकवले.

"धोंडूच्या त्या मारामारीआधी बरे व्हते म्हणे मैदानावर," काशी आपल्याच नादात बोलत होती. "धोंडू सांगतो. शिट्टी कधी वाजवायचेच नाय. नंतर मग एकदम कुकरच झाले."

ओढणीत बांधलेला योगिनीचा मोबाइल वाजायला लागला. तिनं असहायपणे हातांकडे बघितलं. सानिका उठली, चांगल्या हातानं फोन काढला, नाव वाचलं आणि तिच्या कानाला लावून उभी राहिली.

"झाला का अहवाल?" देवदत्तकाका. "अकराला बैठक आहे."

"काका, लिहून घ्या, माझे हात भरलेत." योगिनी सरळ बसली. "तेजस्वीनं स्टिक मारली. लाल कार्ड दिलंय, ते बरोबर आहे. ही स्पर्धा तिची संपली."

"आणि बंदी?"

"त्याच्या आधी सानिकानं तिला कोपर मारलं होतं. मुद्दाम. ते मी बघितलं आणि शिट्टी वाजवली नाही. हे वरती लिहा, आधी. मग मुलींचं लिहा. बंदी कुणावर घालायची ते हे वाचून ठरवू देत."

फोन कानावरून जरासा घसरला, मग पुन्हा नीट बसला.

"अगो, व्हिडिओत कोपर बिपर काही नाही," काका म्हणाले. "कुणी विचारत नसताना कशाला सांगतेस? लोक तुझ्यावर येतील. अण्णांच्या जागी उभी आहेस तू."

"हो," योगिनी म्हणाली. "तिथंच आहे."

काकांनी कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. लिहितो. शब्द तुझेच ठेवतो."

सानिकानं फोन बंद केला, पण ती जागची हलली नाही.

"मॅडम, तुम्हांला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग वाजवली का नाय? मला वाटलं, चालतं. म्हणून परत मारणार होते मी."

 योगिनीनं पुढची कोळंबी उचलली, डोकं मोडलं, दोरा ओढला. सानिका तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या शेजारीच खाली बसली. डाव्या हातानं तिनं टब जरा योगिनीच्या बाजूला कलता केला, उचलायला सोपं जाईल असा.

"त्या पोरीला पाठवा हिकडं," काशी म्हणाली. "उद्यापासनं, दुपारच्याला शाळा सुटली की. मी काय खात नाय तिला."

"तिच्या घरीही शाकाहारी असतात, काशीताई. बागायतदार आहेत."

"आणि मास्तर कोण व्हते? शार्क मासा?"

म्हातारी पुन्हा हसली. सानिका हसायची नाही असं ठरवून बसली होती, पण तिच्यानंही राहवलं नाही. "तिला सोलता येणार नाय," ती म्हणाली. "मी शिकवीन. ओरडून."

टब संपेपर्यंत ऊन अंगणात आलं. काशीनं योगिनीच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला. योगिनीनं हात नाकाशी नेले आणि चेहरा वाकडा केला.

"साबणानं जायचा नाय तो," काशी म्हणाली. "लिंबानं पण नाय. घरी जाऊन आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवा. मास्तरांना मीच सांगितलेलं."

चढ चढून योगिनी घरी आली. वाटेत आंब्याच्या कलमांना मोहोर होता, पण आज तिला हातांच्या वासाशिवाय दुसरा कसला वास येत नव्हता. पडवीत सोललेल्या नारळांची रास होती, नारळवाला गेला होता. मालिनीबाई दारात आल्या. त्यांनी मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, नाक किंचित मुरडलं, आणि पुष्कळ दिवसांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आलीस खाऊन?"

"छे, छे," योगिनी म्हणाली.

ती घराला वळसा घालून परसात गेली. मोरीच्या दगडावर अण्णांची वाटी ठेवलेली होती. आत आमसुलं होती. ती आत्ताच टाकलेली नव्हती, चांगली फुगली होती आणि पाणी गडद लाल झालं होतं. योगिनी वाटीकडे बघत उभी राहिली. मग खाली बसून तिनं बोटं पाण्यात बुडवली. काटे लागले होते तिथं झोंबलं.

मागच्या दारात बांगड्या वाजल्या.

"लगेच काढू नको हात," आई म्हणाली. "राहू देत जरा. ह्यांची नेहमी घाई असायची."