चहात मुरवलेला हत्ती

मित्रांनो, मी एक जुना हस्तिदंती हत्ती आहे, असं एका कागदावर टाइप केलेलं होतं. त्या कागदावर विश्वास ठेवू नका. मी जुनाबिना काही नाही. माझ्या अंगावरचा पिवळेपणा साठ वर्षांचा नाही, साडेतीन दिवसांचा आहे, आणि तो चहाचा आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा त्यांच्या मनात माणसांबद्दल कृतज्ञता वगैरे असते. मला घडवलं, मला वापरलं, मला विसरले, तरी चांगली माणसं हो. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी माणसं फार जवळून पाहिली आहेत.

मुळात मी दात होतो. सुळा म्हणा. एका मोठ्या हत्तीचा उजवा सुळा. माणसं जशी उजवी-डावखुरी असतात तसे हत्तीही असतात, आणि आमचा हत्ती उजवा. त्यामुळे सगळी कामं माझ्यावर. झाडाची साल सोलायची, मी. कोरड्या नदीत पाण्यासाठी खड्डा खणायचा, मी. दमल्यावर सोंड टेकायची तीही माझ्यावरच. डावा नुसता शोभेला. झिजून झिजून मी त्याच्यापेक्षा वीतभर आखूड झालो होतो आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता.

आमच्या मागेमागे एक पोरगेला हत्ती हिंडायचा. त्याचे सुळे जेमतेम केळ्याएवढे. आम्ही खड्डा खणला की हा आयतं पाणी प्यायला पुढे. एकदा स्वतः खणायला गेला आणि सोंडेत वाळू भरून घेतली, मग दिवसभर शिंकत बसला. त्याला मी धाकटा म्हणतो. त्याला नीट लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत काळजी करण्यासारखा तोच एक आहे. बाकीची सगळी माणसं आहेत.

मारायला आले ते दोघे साडू होते. त्यांना हत्ती शोधावा लागला नाही. सकाळी ते सरळ आमच्या पाण्याच्या खड्ड्याजवळ येऊन दडून बसले. म्हणजे मीच खणलेल्या खड्ड्याजवळ. आमचा हत्ती आधी पुढच्या गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर गेला. धाकटा पळाला आणि दोनदा परत आला. दोन्ही वेळा त्यांनी त्याला दगड मारून हाकललं. त्याच्यावर गोळी खर्च करावी एवढे त्याला सुळेच नव्हते.

ऊन चढलं होतं. आसपास झाड नव्हतं. तेव्हा त्या दोघांनी आमच्या पडलेल्या हत्तीच्या सावलीत बसून डबा उघडला.

"अजून श्वास चालू आहे रे याचा," एक म्हणाला.

"चालू दे. आपलं जेवण होईस्तोवर थांबेल."

सुळा उपटून निघत नाही, मित्रांनो. त्याचा तिसरा हिस्सा डोक्याच्या आत असतो. मी एवढंच सांगतो, आणि हेही सांगतो की कुऱ्हाड त्यांनी घरूनच आणली होती. काम झाल्यावर एकाची कंबर धरली. दुसऱ्याने ती चोळून दिली. साडू असावेत तर असे.

मग कोळशाच्या पोत्यातून माझा प्रवास झाला आणि मी शेठच्या दुकानात पोचलो. खाली दुकान, वर कारखाना, त्यामागे पडदा लावून कारागिराचं बिऱ्हाड. दुकानाच्या काचेत हाडाची बटणं, हाडाचे कंगवे, हाडाच्या चाव्यांच्या साखळ्या. हस्तिदंताला बंदी होती, म्हणून तो काचेत नव्हता. तो वर माळ्यावर होता. बारा सुळे, मी धरून.

शेठ हा गुळगुळीत माणूस. बोलायला लागला की थांबायचा नाही आणि प्रत्येकाला त्याला हवं तेच ऐकवायचा. कारागीर त्याच्या उलट, हडकुळा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तोंडात मिठाची गुळणी. त्याच्या डोक्यावर भिंतीला त्याच्या वडिलांचा फोटो होता. म्हातारा मोठा नावाजलेला कोरीवकाम करणारा. जाऊन दहा वर्षं झाली तरी येणारा-जाणारा आधी त्या फोटोकडे बघायचा आणि मग मुलाकडे बघून "हं" म्हणायचा. म्हातारा जिवंतपणी मुलाला एकच वाक्य ऐकवायचा, "तुझा हात जड आहे." हे मला कारागिराच्या बायकोकडून कळलं. भांडण झालं की ती ते वाक्य बाहेर काढायची.

शेठची योजना सोपी होती. बंदीच्या आधी कोरलेली वस्तू असेल तर सरकार तिला शिक्का देतं आणि ती विकता येते. तेव्हा माझ्यातून एक हत्ती कोरायचा, त्याला जुनाट करायचं आणि म्हाताऱ्याचं काम म्हणून दाखवायचं. शिक्का मिळाला की सांगायचं, "अहो, म्हाताऱ्याच्या ट्रंकेत याच्याच जोडीचे आणखी अकरा सुळे निघाले की." एका शिक्क्यावर सगळा माळा पांढरा. त्याच संध्याकाळी त्याने माझ्यासमोर त्या साडूंना फोन लावला.

"कागद होऊ दे," तो म्हणाला, "मग तिथला तो लहानाही आणा. असू दे रे सुळे छोटे. केसात खोचायच्या काड्या होतील. आता काय, आपण कायद्याने चालणार."

म्हणजे माझ्यावर शिक्का पडला की धाकट्यावर गोळी. एवढं साधं गणित होतं, आणि मला तोंड नव्हतं. होतं ते साडूंनी फोडलं होतं.

हत्तीचा दात काढायचा आणि त्यातून हत्तीच कोरायचा! ही कल्पना पहिल्यांदा ज्याला सुचली त्याच्या डोक्यात मेंदूसाठी जागा उरली असेल असं मला वाटत नाही. पण कारागिराने मला एकेचाळीस दिवस कोरलं आणि, नाइलाजाने कबूल करतो, चांगलं कोरलं. करवत चालताना दातांच्या दवाखान्यात येतो तसला वास सुटायचा. तो थेंब थेंब पाणी सोडत राहायचा, नाहीतर मी जळलो असतो. कानाच्या पातळ कडेपलीकडून उजेड दिसायचा. कानामागच्या शिरासुद्धा त्याने काढल्या. काम करताना तो अधूनमधून फोटोकडे बघायचा, आणि त्याची नजर मुलाची नव्हती, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणाऱ्या विद्यार्थ्याची होती.

मग मला चहात टाकलं.

"हे माझं दुधाचं पातेलं आहे," कारागिराची बायको म्हणाली.

"साडेतीन दिवस लागतील फक्त."

"साडेतीन दिवस मी चहा कशात करू? याच्यातच करते, हत्तीसकट. शेठला पहिला कप देते."

"अगं, शिक्का मिळाला की नवीन आणू पातेलं."

"तुमच्या बाबांनीही मला असंच सांगितलं होतं. त्यांचा निदान हात हलका होता."

कारागिराने मला पळीने उलटं केलं.

चहानंतर धूर, धुरानंतर तेल, मग भेगांत राख. साठ वर्षं चार दिवसांत उरकली. मला सजवून वर कारखान्यातच मांडलं आणि शेठने ठरलेलं गिऱ्हाईक बोलावलं. ते होते दातांचे डॉक्टर. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि त्यांचे डोळे पाणावले.

"मला हत्ती म्हणजे जीव की प्राण," ते म्हणाले. "घरी सत्तावीस आहेत. काचेचे, पितळेचे, लाकडाचे. पण हे... यात काहीतरी जिवंत वाटतं हो."

शेठ म्हणाला, "तुमच्यासारख्या प्राणिप्रेमी माणसाच्याच घरी जावा, असं मला आधीपासून वाटत होतं."

माणसाचा दात काढताना हे डॉक्टर आधी भूल देतात. मग दोनदा विचारतात, "दुखत नाही ना?" मी कुणाचा दात, तो कसा काढला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझ्यासाठी आतून दिवा असलेलं कपाट करायला टाकलं मात्र.

आणि मग तपासनीस बाई आल्या. त्यांना सर्दी झाली होती. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात रुमाल. शेठने कारागिराला बजावलं होतं, "तू फक्त मान हलव. बोलायचं काम माझं." कारागिराच्या बायकोने पडद्याआडून तेच दुसऱ्यांदा बजावलं होतं.

बाईंनी मला उचललं. भिंगातून कान पाहिले, सोंड पाहिली, पोटाखालची भेग पाहिली. माझं सगळं आयुष्य त्या सुजलेल्या नाकापुढे धरलेलं होतं. मी मनात म्हणत होतो, बाई, वास घ्या, नुसता वास घ्या, चहाचाच येईल. पण त्यांचं नाक बंद होतं. धाकट्याचं नशीब तरी बघा.

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "वडिलांचं काम?"

कारागिराने मान हलवली.

"असे हात आता राहिले नाहीत."

"राहिले नाहीत," शेठ म्हणाला. इथे थांबला असता तर माझ्यावर शिक्का पडलाच होता, बाईंनी पेटी उघडलीसुद्धा होती. पण गप्प बसणं शेठला जमत नसे. "सिंहाच्या पोटी काय जन्मेल सांगता येत नाही बघा, मॅडम. हा मुलगा. आयुष्य बटणं घासण्यात गेलं. म्हातारा शेवटी शेवटी म्हणायचा, माझ्यानंतर फक्त भुसा उरेल."

"असं म्हणायचे?" बाईंनी कारागिराकडे पाहिलं, जसं सगळे पाहायचे तसंच. "हं."

कारागीर म्हणाला, "नखं मोजा."

"काय?" शेठ म्हणाला.

"बाबा चारी पायांना चार-चार नखं काढायचे. त्यांनी जन्मात हत्ती नीट पाहिला नव्हता. ह्याची मोजा. पुढे पाच, मागे चार. कान बघा. बाबांचे कान पापडासारखे सपाट असायचे. शिरा कुठल्या त्यांच्या कानाला?"

"अरे, मॅडमना वेळ नाही," शेठ हसत म्हणाला. "वडिलांच्या आठवणीने जरा भावुक होतो तो."

"माझा हात जड आहे?" कारागिराने मला बाईंच्या हातातून घेतलं, कानस उचलली आणि माझ्या पोटाखाली चारदा ओढली. खालून पांढरा शुभ्र दात निघाला, दुधासारखा. भुसा बाईंच्या रुमालावर पडला. "हे बघा. हे माझं आहे. चहात बुडवलंय म्हणून असं दिसतं. एकेचाळीस दिवस लागले मला."

पडद्यामागून त्याच्या बायकोचा आवाज आला. "गप्प बसायला सांगितलं होतं. नुसतं गप्प."

बाईंनी शिक्क्याची पेटी बंद केली आणि वही उघडली. त्यांनी आवाज चढवला नाही. "चहा किती दिवस?" त्यांनी विचारलं, आणि तो सांगत गेला. धूर कशाचा, राख कशी चाळायची, सगळं. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याचं काम लिहून घेत होतं. शेठ त्याच्या पायावर पाय देत राहिला.

"आणखी माल आहे का?"

"माळ्यावर अकरा सुळे आहेत," कारागीर म्हणाला, "पण याच्यासारखा एकही नाही. हे मी उगाच नाही म्हणत."

दुपारपर्यंत अकराही सुळे खाली आले. माझा जोडीदार डावा त्यातच होता, अजून लांबलचक आणि देखणा. शेठचा फोन बाईंनी घेतला, त्यातून साडूंचा नंबर निघाला, आणि संध्याकाळच्या आत दोघांना त्यांच्या सासुरवाडीतून उचललं. दोघे शेजारीशेजारी जेवत होते म्हणे.

कारागीर खुर्चीत ताठ बसला होता. बाई पुढचा फॉर्म भरत होत्या.

"संपूर्ण नाव सांगा."

त्याने सावकाश सांगितलं. नीट लिहिलंय ना, हे वाकून पाहिलं.

"वडिलांचं नाव?"

"ते लागतं का?"

"रकाना आहे," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

तेव्हा, मित्रांनो, माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीने धाकटा वाचला असं कुणी तुम्हाला शाळेत सांगितलं तर हसा. आमचा हत्ती मेला तेव्हा त्या कारखान्यात कुणाचा घास अडला नाही. एका माणसाला बापाची स्तुती सहन झाली नाही, म्हणून धाकट्याचे सुळे आज धाकट्याच्याच तोंडात आहेत. उद्या एखादा कमी मानी कारागीर आणि कमी बडबड्या शेठ एकत्र आले तर? मला त्यावर बोलवत नाही.

सध्या मी सरकारी गोदामात आहे, दोरीने बांधलेल्या चिठ्ठीसह. पुढच्या महिन्यात आम्हा सगळ्यांना जाळणार आहेत. तोवर जो तो कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत येतो, पेटी उघडून मला बघतो आणि म्हणतो, "अरेरे, केवढी कला वाया जाणार." एक जण तर आपल्या लेकीला घेऊन आला. ती तुमच्याएवढीच. तिने मला हात लावला नाही. तिने विचारलं, "बाबा, हा दात ज्याचा होता त्याचं तोंड कुठे आहे?" बाप म्हणाला, "चल, उशीर होतोय."

इतर वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला जपू नका. कुणाच्या घरी दिवा लावलेल्या कपाटात माझ्यासारखा कुणी दिसला तर "किती सुंदर" म्हणू नका, चुकूनसुद्धा. तुम्ही एकदा म्हणता आणि कुठेतरी दोघे साडू डबा बांधतात. त्या मुलीने विचारलं तेवढंच विचारा, यजमानांचा चहा थंड होईपर्यंत विचारत राहा. आणि आम्ही जळताना बघायला आलात, तर वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे राहा. दात जळताना फार घाण वास येतो.