व्हर्लीनचा सत्कार

“व्हर्लीन, बूड टेक! सत्कार तुझा आहे.”

मी गायनमंडळाच्या पहिल्या रांगेतून दात-ओठ खात कुजबुजले. पण फुलांनी सजवलेल्या खुर्चीत आमची व्हर्लीन टेटम स्वस्थ बसेल तर शपथ! माउंट नेबो चर्चमध्ये गाणं रंगलं की लोकांच्या अंगात पवित्र आत्मा संचारतो. कुणी नाचतं, कुणी धाडकन कोसळतं. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे घालून त्या सगळ्यांना झेलायचं, वारा घालायचा, पाणी पाजायचं, हे व्हर्लीनचं काम. आज मात्र तिला कामाची बंदी होती, म्हणून बाई नुसती कासावीस.

चर्चबाहेरही तेच. कुणाला सूप नेऊन दे, कुणाची औषधं आण. आणि आठवड्यातून तीनदा डेलमस प्रुइटला डायलिसिसला ने-आण. डेलमस माझा शेजारी, निवृत्त बसचालक, बायको गेलेली. मेम्फिसच्या रुग्णालयात किडनीसाठी नाव लावून वर्षं लोटली होती. त्या आठवड्यात तर तो अगदी टेकीला आला.

“पुरे झालं, व्हर्लीन. आता येऊ नकोस. मी थकलो.”

“थकलात तर गाडीत झोपा. चालवणारी मी आहे ना?”

त्याच्यासमोर हसली, आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. “अर्लीन, हा माणूस खरंच यायचा थांबला तर गं?”

थांबला तर तो फार दिवस काढणार नव्हता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तर रविवारी पाळकसाहेब तिची स्तुती करताना ऐन रंगात आले आणि फोन वाजला. उपासनेत फोन वाजला की व्हर्लीन अशी बघते, की माणसाला धरणी दुभंगावी असं वाटतं. म्हणून सगळ्यांचे फोन बंद, डेलमसचासुद्धा. वाजत होता तो तिच्याच पर्समधला!

“घ्या! कुंपणानंच शेत खाल्लं,” मागून कुणीतरी म्हणालं.

ती शरमेनं पाणीपाणी झाली. फोन बंद करायला बाहेर काढला, नंबर पाहिला आणि कानाला लावला. रुग्णालयात डेलमसने दुसरा नंबर तिचाच दिला होता.

“हो... इथेच आहेत. माझ्यासमोर.” आणि मग ती किंचाळलीच. “डेलमसभाऊ! किडनी मिळाली! मेम्फिसला बोलावलंय, आत्ताच्या आत्ता!”

पुढे काय सांगू! हातमोजे एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि आमची व्हर्लीन खुर्च्यांमधून नाचतेय!

“अरे, धरा तिला!” पाळकसाहेब ओरडले.

धरायचं कुणी? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी डेलमसनेच तिला सावरलं. दोघंही रडत होती, हसत होती.

“नाचणं पुरे, बाई,” तो म्हणाला. “गाडी कोण चालवणार?”

सत्काराचा केक तसाच टाकून ती गणवेशातच निघाली. गाडीची काच खाली करून म्हणाली, “ज्या घरातून ही किडनी येतेय ना, त्या घरासाठीही प्रार्थना करा.” आम्ही सगळ्यांनी आवारातच हात जोडले.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. “अर्लीन, झाली गं, झाली!”

“काय झाली?”

“लघवी! डेलमसभाऊंना लघवी झाली!”

संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. एका म्हाताऱ्याच्या लघवीसाठी इतकं ‘हालेलूया’ देवानंही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

मंगळवारी, म्हणजे डायलिसिसच्या वारी, सकाळी खिडकीतून बघते तर काय, व्हर्लीनची गाडी डेलमसच्या दारात उभी, इंजिन चालू. मी गाऊनवरच कोट चढवून धावले.

“अगं वेडे, माणूस मेम्फिसला आहे!”

ती दचकली. मग कपाळावर हात मारून हसत सुटली. “रात्री तर परत आले त्यांना तिथे सोडून! हात आपोआप इकडे वळले बघ.” हसता हसता डोळे भरून आले तिचे.

“बस गाडीत,” ती म्हणाली. “जाऊन बघून येऊ त्यांना.”

मी शेजारी बसले. डेलमसच्या लांबलचक पायांसाठी सीट पार मागे सरकवलेली. माझे पाय कुठेच पोचेनात. पुढे घ्यायला मी खाली हात घातला.

“राहू दे गं,” व्हर्लीन म्हणाली. “आहे तशीच राहू दे.”

मी हात काढून घेतला.